घरातील शुश्रूषेचा खर्च कोणी सोसावयाचा?



अर्थशास्त्राच्या वर्गात राष्ट्रीय उत्पन्नाची मोजणी शिकविताना एक जुने उदाहरण दिले जाते. एखाद्या गृहस्थाकडे पगारी स्वयंपाकीण असेल, तर तिचा पगार राष्ट्रीय उत्पन्नात धरला जातो. त्या गृहस्थाने तिच्याशी विवाह केला की काम तेच राहते, हात तेच राहतात; परंतु राष्ट्रीय उत्पन्न मात्र तेवढ्याने कमी होते. विद्यार्थी हसतात आणि प्राध्यापक पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मालवण किनाऱ्यावरील कित्येक घरांत या उदाहरणावर हसण्यासारखे काही उरलेले नाही.

आचऱ्यापासून देवबागपर्यंतच्या कोणत्याही वाडीत दिसेल असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. पडवीत खाटेवर लकवा झालेली वृद्धा आहे. तिला उठवणे, अंग पुसणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलणे, भरवणे, रात्री पुन्हापुन्हा उठणे हे सारे तिची सून करते. मुलगा मुंबईला असतो आणि दरमहा जमेल तेवढे पैसे पाठवतो. सून पूर्वी काजूच्या कारखान्यात जात असे. सासू अंथरुणाला खिळल्यापासून ते काम सुटले. या घराला शुश्रूषेचा खर्च किती येतो असे विचारले, तर औषधे, डायपर आणि डॉक्टरांची फी एवढाच आकडा सांगितला जाईल. सुनेच्या बुडालेल्या मजुरीचा आकडा कोणी सांगणार नाही. ती स्वतःही सांगणार नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत, घरातील माणसांसाठी बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर ते काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जातो असे आढळले. तेव्हा घरातील शुश्रूषेवर खर्च करावा की न करावा, हा प्रश्नच नाही. खर्च आजही होतच आहे. तो कोणाच्या आयुष्यातून वळता केला जातो आणि न्यायाने तो कोणी सोसावयास हवा, एवढाच प्रश्न आहे.

मनिऑर्डरीचा जिल्हा

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ८,४९,६५१ भरली. २००१ मध्ये ती ८,६८,८२५ होती. देशाची लोकसंख्या वाढत असताना ज्या थोड्या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, त्यांत हा एक. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया, हे प्रमाणही याच जनगणनेतील. या आकड्याचा पुष्कळदा अभिमानाने उल्लेख होतो. त्यामागे स्त्रीसन्मानाइतकेच किंवा त्याहून अधिक एक साधे कारण आहे: कमावत्या वयाचे पुरुष जिल्ह्याबाहेर आहेत. मागे राहतात ते वृद्ध, आणि त्या वृद्धांना सांभाळणाऱ्या स्त्रिया.

ही स्थिती निसर्गाने निर्माण केलेली नाही. मुंबईच्या कापड गिरण्या ज्या मनुष्यबळावर शतकभर चालल्या, त्याचा मोठा भाग जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून गेला. गिरणीमालकाने मजुरी दिली ती माणसाच्या उमेदीच्या वर्षांपुरती. त्याचे बालपण गावाने पोसले, मोठ्या आजारात तो गावी परतला, आणि हातपाय थकल्यावर म्हातारपणही गावानेच सांभाळले. कामगार घडविण्याचा आणि निकामी झाल्यावर त्याला सांभाळण्याचा खर्च गिरणीच्या हिशेबवहीत कधी पडलाच नाही. तो कोकणातील स्त्रीच्या कष्टांत पडला. मुंबईतील मजुरी स्वस्त राहिली याचे हेही एक कारण होते, हे विसरता कामा नये.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर हजारो कामगार कायमचे गावी परतले. कामगारांना वार्धक्यात दरमहा पैसे देणारी कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आली ती १६ नोव्हेंबर १९९५ पासून. त्याआधी नोकरी गेलेल्यांच्या वाट्याला भविष्यनिर्वाह निधी आणि मिळाल्यास उपदान, एवढेच आले. संपाच्या वेळी पस्तिशीत असलेला कामगार आज ऐंशीच्या घरात आहे. गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर उभे राहिले. त्या गिरण्यांत राबलेला माणूस सुनेच्या वा पत्नीच्या हातावर जगत आहे. दर्यावर्दी कुटुंबांची गोष्ट याहून निराळी नाही. रापणीवर वा होडीवर जन्म काढलेल्याला कोणता मालक निवृत्तिवेतन देणार?

सरकारी मदतीचे माप

महाराष्ट्रात निराधारांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. या योजनांचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण त्यांचे माप एकदा काढून पाहिले पाहिजे. श्रावणबाळ योजनेत मिळणारी रक्कम २०१९ मध्ये १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. ऐंशी वर्षांखालील वृद्धांच्या निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा दरमहा २०० रुपये आहे. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन २०१४ साली १,००० रुपये ठरले.

आता दुसरी बाजू. रोजगार हमीवर माती खोदण्याच्या अकुशल कामासाठी केंद्राने महाराष्ट्रासाठी ठरविलेला २०२५-२६ चा दर ३१२ रुपये रोज होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा हे अकुशल काम नव्हे. तरीही तोच दर धरू. महिन्याचे तीस दिवस एक बाई ठेवली, तर ९,३६० रुपये लागतात. श्रावणबाळचे १,५०० रुपये पाच दिवसांनाही पुरत नाहीत. केंद्राच्या २०० रुपयांत एक दिवसही भरत नाही. आणि ही केवळ दिवसाची पाळी झाली. रात्र शिल्लकच राहते.

बरे, हे १,५०० रुपये तरी सर्वांना मिळतात काय? त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. रोजगार हमीच्या वरील दराने कोणी वर्षात ६८ दिवस काम केले, तर त्या घराचे उत्पन्न ही मर्यादा ओलांडते. दरमहा २,००० रुपये निवृत्तिवेतन मिळणारा गिरणी कामगारही या हिशेबाने निराधार ठरत नाही. मर्यादा कागदावर पाळावयाची तर गरीब वगळला जातो, आणि गरिबाला सामावून घ्यावयाचे तर दाखल्यात खोटे लिहावे लागते. गरिबाला खोटे बोलावयास लावणारी व्यवस्था वर पुन्हा त्यालाच लबाड ठरविते.

२०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार देण्यात येत आहेत. पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु ही योजना रुग्णालयाची आहे. ओरोसला किंवा गोव्यात बांबोळीला उपचार घेऊन रुग्ण घरी आला, की सुरुवातीच्या काही दिवसांच्या औषधांपलीकडे तिचा हात पोचत नाही. लकवा झालेला माणूस रुग्णालयात काही दिवस आणि घरी कित्येक वर्षे काढतो. समाजाने दिवसांची जबाबदारी घेतली आहे. वर्षांची घरावर सोडली आहे.

बाजाराने सुचविलेले मार्ग

सरकारने केले नाही ते बाजार करील, असे आजकाल सांगितले जाते. आरोग्यविम्याचा हप्ता सत्तरीनंतर झेपण्यापलीकडे जातो, आणि हप्ता भरला तरी विमा भरपाई देतो ती उपचारांची. अंग पुसणाऱ्या, भरवणाऱ्या, रात्री जागणाऱ्या बाईच्या पगाराची नव्हे.

दुसरा मार्ग घर गहाण टाकून जगण्याचा. २००७ साली केंद्रीय अर्थसंकल्पातून आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या मार्गदर्शक तत्त्वांतून रिव्हर्स मॉर्टगेजची, म्हणजे उलट गहाणाची, योजना आली. वृद्धाने राहते घर बँकेकडे गहाण ठेवावे, बँकेने त्याला दरमहा रक्कम द्यावी, आणि त्याच्या पश्चात घरातून वसुली करावी, अशी ती कल्पना आहे. अट एवढीच, की घर स्वकष्टार्जित व निर्वेध मालकीचे असावे. कोकणात ही अटच योजनेला दारात अडविते. घर वडिलोपार्जित, जमीन सामायिक, सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतील काही हयात नाहीत, काहींचे पत्ते ठाऊक नाहीत. ज्या वृद्धेने पन्नास वर्षे ते घर सारवले, तिचे नाव कित्येकदा सातबाऱ्यावर नसतेच. ती काय गहाण ठेवणार?

मग उरतात ते घरोघरचे जुने मार्ग. गळ्यातले मोडणे, कलमांची बाग आगाऊ रक्कम घेऊन कराराने देणे, सोसायटीचे कर्ज काढणे, किंवा जो सांभाळील त्याच्या नावे बक्षीसपत्र करणे. बक्षीसपत्राच्या बाबतीत २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने एक संरक्षण दिले आहे: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतर न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येते. अट दस्तात स्पष्ट लिहावी, हे कार्यकर्त्यांनी गावोगाव सांगितले पाहिजे.

याच कायद्याने मुलांकडून दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागण्याचा हक्क आईवडिलांना दिला. निर्दय मुलाविरुद्ध हे शस्त्र हवेच. परंतु नालासोपाऱ्याला एका खोलीत चौघांचा संसार करणारा, कंत्राटी नोकरीवरचा मुलगा निर्दय नसतो, दरिद्री असतो. त्याला प्रांताधिकाऱ्यांसमोर उभे करून शुश्रूषेचा प्रश्न सुटत नाही. एका गरिबाचा खर्च दुसऱ्या गरिबावर टाकणे, याला समाजधोरण म्हणता येणार नाही.

इतरांनी काय केले

जर्मनीने १९९४ साली कायदा करून १९९५ पासून शुश्रूषेचा सक्तीचा सामाजिक विमा सुरू केला. कामगार आणि मालक दोघेही त्यात वर्गणी भरतात. परावलंबी झालेल्या माणसाला घरी सेविका घेता येते किंवा रोख रक्कम घेता येते. आणि घरचेच कोणी ठरावीक तासांहून अधिक सेवा करीत असेल, तर त्या व्यक्तीच्या निवृत्तिवेतनाच्या खात्यात विमा संस्था वर्गणी भरते. जपानने २००० सालापासून अशीच व्यवस्था केली. चाळीस वर्षांवरील प्रत्येकजण वर्गणी भरतो. सेवेचा खर्च निम्मा वर्गणीतून व निम्मा करांतून भागतो, आणि सेवा घेणाऱ्याने सुरुवातीस एक दशांश वाटा द्यावयाचा होता. जपानने रोख रक्कम मात्र दिली नाही. रोख दिली तर सून घराला आणखी जखडली जाईल, असे तेथील स्त्रियांच्या चळवळीचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात तथ्य आहे.

हे धनाढ्य देश आहेत, असा आक्षेप येईल. मग केरळकडे पाहावे. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेच्या कार्यातून पुढे वस्तीवस्तीतील स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. २००८ साली त्या राज्याने त्यासाठी धोरण स्वीकारले, आणि ग्रामपंचायतींच्या मार्फत परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. पूर्णवेळ शुश्रूषा करणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा ६०० रुपये देण्याची योजनाही केरळात आहे. रक्कम अल्प आहे; पण सेवा करणाऱ्याच्या श्रमाची सरकारी कागदावर नोंद झाली, हे तत्त्व मोठे आहे. पत्रादेवीच्या नाक्यापलीकडे गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून वृद्धांना दरमहा २,००० रुपये मिळू लागले, तेव्हा अलीकडच्या बांद्यातील वृद्धाला त्याच्या निम्मेही मिळत नव्हते.

महाराष्ट्राची स्वतःची वाट

परंतु धडा घेण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी महाराष्ट्राने राज्यभर राबविली. तिला पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. उत्तर म्हणून १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातील पगारदाराच्या पगारातून थोडी रक्कम कापली जावी, राज्याने तेवढीच भर घालावी आणि त्यातून खेड्यातील बेकाराला काम मिळावे, अशी ती रचना होती. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहराने खेड्याचे देणे लागते, हे तत्त्व या राज्याने कायद्याने मान्य केले आणि त्यासाठी कर बसविला.

तोच कर आजही वसूल होतो. मात्र घटनेच्या कलम २७६ नुसार त्याची कमाल मर्यादा १९८८ मध्ये वर्षाला २,५०० रुपये ठरली, ती तेथेच थांबली आहे. महाराष्ट्रात महिना दहा हजारांहून थोडे अधिक मिळविणारा पुरुष कामगार वर्षाला २,५०० रुपये भरतो आणि महिना दहा लाख मिळविणारा अधिकारीही २,५०० रुपयेच भरतो. रोजगार हमीच्या दराने ही आठ दिवसांची मजुरी झाली. घटनादुरुस्ती करून ही मर्यादा वाढवावी, कनिष्ठ उत्पन्नगटास करमुक्त करावे, वरच्या गटांवर चढता दर लावावा आणि वाढीव उत्पन्न शुश्रूषा निधीत टाकावे, ही मागणी आजच्या घडीला रास्त आहे. तोवर मुद्रांक शुल्काचा मार्ग मोकळा आहे. २०२२ पासून मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मेट्रोसारख्या प्रकल्पांसाठी मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार घेतला जातो. शहराच्या रेल्वेसाठी तो घेता येतो, तर किनाऱ्यावर सुटीची घरे व रिसॉर्टसाठी होणाऱ्या जमिनीच्या मोठ्या व्यवहारांवर गावच्या वृद्धांसाठी का घेता येऊ नये?

या निधीतून दोन गोष्टी व्हाव्यात. पहिली, गावोगाव प्रशिक्षित शुश्रूषा सेविका नेमाव्यात, आणि त्यांना किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी व रजा मिळावी. आशा सेविकांना मानधनाच्या नावाखाली कामगार म्हणून मान्यता नाकारली गेली. तीच चूक पुन्हा होता कामा नये. दुसरी, घरच्याच कोणाला सेवा करावी लागत असेल, तर त्या व्यक्तीच्या स्वतःच्या खात्यावर रक्कम जमा व्हावी, महिन्यातून काही दिवस सेविकेने तिची जागा घ्यावी आणि तिच्या वार्धक्यासाठी वर्गणी भरली जावी. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये याची जागा घेऊ शकत नाहीत. ते २१ ते ६५ वर्षांच्या गरीब स्त्रीला मिळतात. तिने केलेल्या शुश्रूषेचा त्यांच्याशी संबंध नाही. उपकार बंद करता येतो, मोबदला बंद करता येत नाही. हा फरक स्त्रियांना समजावून सांगितला पाहिजे.

आक्षेप आणि काम

आईवडिलांच्या सेवेचे पैसे मोजू लागलो तर माया आटेल, असे काहीजण म्हणतील. हा आक्षेप घेणाऱ्यांत रात्री उठून कूस बदलणारे कितीजण असतात, हे पाहण्यासारखे आहे. शिक्षकाला पगार मिळतो म्हणून त्याचे विद्यार्थ्यांवरील प्रेम खोटे ठरत नाही. उलट, ज्या सुनेला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळतो तिच्याच हातात माया टिकते. थकलेल्या माणसाचा संताप खाटेवरच्या दुबळ्यावर निघतो, हे कटू सत्य कित्येक घरांना ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट समाजवाद्यांनी स्वतःला बजावली पाहिजे. मलमूत्र काढणे, अंग पुसणे ही कामे आपल्या समाजाने जातीशी जोडली. शुश्रूषेची व्यवस्था उभारताना ती विशिष्ट वस्तीतील गरीब बायकांच्या गळ्यात पडली आणि बाकीचे मोकळे झाले, तर जुनीच उतरंड नव्या नावाने उभी राहील. प्रशिक्षण सर्वांना हवे, पुरुषांनाही हवे, आणि वेतन असे हवे की ते काम करणाऱ्याची मान ताठ राहील.

कायदा होईपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील अंथरुणाला खिळलेल्या माणसांची आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची यादी करावी. या दुसऱ्या रकान्यातील नावे आजवर कोणी लिहिलेली नाहीत. श्रावणबाळचे अर्ज भरून द्यावेत. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च होणे बंधनकारक आहे. ती कोठे जाते हे ग्रामसभेत विचारावे, आणि लकव्याने कायमचे अपंगत्व आलेल्यांना प्रमाणपत्र मिळवून देऊन त्या रकमेतून कमोड खुर्ची, हवेची गादी, चाकाची खुर्ची यांचा गावासाठी साठा करावा. मुंबईतील ग्रामस्थ मंडळे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी लाखो रुपये जमवितात. त्यांच्याकडे वर्षातून एकदा, गणपतीला चाकरमानी गावी येतात तेव्हा, एका सेविकेच्या पगाराची वर्गणी मागावी. ती अपुरी पडेल. पण ही जबाबदारी एकट्या घराची नाही, ही जाणीव तिच्यातून रुजेल.

किनाऱ्यावरच्या माणसाला वाट्याचा न्याय नव्याने शिकवावा लागत नाही. रापणीच्या मासळीत जाळ्याचा वाटा असतो, होडीचा असतो आणि दोर ओढणाऱ्या हातांचाही असतो. कोकणच्या कष्टांवर वाढलेल्या संपत्तीत खाटेशेजारी रात्र काढणाऱ्या स्त्रीचा वाटा आजवर कोणी काढलेला नाही. तो मागणे ही याचना नव्हे. ही थकबाकी आहे, आणि ती वसूल करण्याचे काम चळवळीने अंगावर घेतले पाहिजे.